सटवा मिस्त्रीची भिंत

इंजन चालू असलं की सटवा मिस्त्री माणसाला बोलू द्यायचा नाही. गाडीवाला लांबून घाईघाईनं येणार, खाली उतरायच्या आधीच सांगायला लागणार की कालपासून अशी करतीय, चढाला तशी करतीय. सटवा पंजा वर करायचा. "गाडी बोलायलीय. तुमी थांबा." मग बाभळीची हातभर काठी उचलायचा, एक टोक इंजनाला टेकवायचा, दुसरं दातात धरायचा आणि डोळे मिटायचा. कानानं सगळेच ऐकतात. हा दातानं ऐकायचा. त्याचं म्हणणं, कानात रस्त्याचा गोंगाट शिरतो, दातात नुसतं इंजन येतं.

त्याचं गॅरेज आमच्या फाट्यावर, कपिलधारला वळायच्या थोडं अलीकडं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक चिंच आणि एक भिंत. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण गावात पहिली चारचाकी मी आणली. जुनी जीप होती. ती सटवाच्या हातानं इतकी वर्षं चालली की टायर सोडून तिचा प्रत्येक भाग एकदा तरी त्याच्या मांडीवर येऊन गेला. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा आहे. दुसऱ्या कुणी आधी लिहिलं असतं तर मला चाललं नसतं.

गाडीत बसायच्या आधी तो चपला काढायचा. गाडी दुरुस्त झाली असं कधी म्हणायचा नाही, बरी झाली म्हणायचा. दिवसभर लोकांच्या गाड्या बघायचा आणि स्वतःकडं साधी सायकल नव्हती. संध्याकाळी राखेनं हात घासून घराकडं पायी निघायचा. एकदा मी जीप थांबवून म्हणालो, बस, सोडतो. तर म्हणाला, "नको आबा. माझे पाय वाजत न्हाईत, तेवढंच बरं वाटतं."

त्याची बायको कौसाबाई. ती चिंचेखाली तांदूळ निवडत बसायची आणि मिस्त्री गाडीखाली. त्यानं नुसता हात बाहेर काढला की ती त्यात पाना ठेवायची. नंबर सांगायची गरज नव्हती. पंजा किती उघडलाय त्यावरून तिला कळायचं, चौदाचा पाहिजे का सतराचा. एकदा माझ्यासमोर तिनं चुकीचा दिला. गाडीखालून आवाज आला, "आज राग हाय का माझ्यावर?" ती म्हणाली, "हाय." संध्याकाळी बघतो तर मिस्त्री कागदात भजी बांधून घराकडं चालला होता.

आता भिंत. जळक्या ऑइलचे हात पुसून पुसून ती काळी झालेली. तिच्यावर खडूनं चार चित्रं होती. एक थेंब, म्हणजे तेल. एक घागर, म्हणजे पाणी. एक वावटळ, म्हणजे हवा. आणि शेवटी एक माणूस. सटवाला नाव सोडून काही लिहिता येत नव्हतं, पण गाडी बिघडायची कारणं ह्या चारांच्या बाहेर जात नाहीत अशी त्याची खात्री होती. जे तपासून निर्दोष निघालं त्यावर तो काट मारायचा. जे सापडलं त्याला गोल करायचा. संध्याकाळी फडक्यानं काट आणि गोल पुसायचे, चित्रं तशीच. माणूस नेहमी शेवटी तपासायचा. तो म्हणायचा, माणूस आधी धरला की बाकीचं बघायचं राहून जातं. भिंतीवरच्या माणसाला फेटा होता. फाट्यावर रोज फेटा बांधून येणारा मी एकटा, म्हणून एकदा विचारलं, हा कोण? "कुणी न्हाई," म्हणाला. "मला उघडं डोकं काढाय येत न्हाई."

एकदा निवडणुकीच्या दिवसांत आमच्या भागातले एक पुढारी सभेला निघाले होते. नवीकोरी जीप फाट्यावर येऊन बंद पडली. बरोबर कार्यकर्ते, वर भोंगा चालू. पुढारी उतरले आणि सांगायला लागले की गाडी नवी आहे, तिला काही होऊच शकत नाही, ड्रायव्हर बिनकामाचा आहे. सटवानं भोंगा बंद करायला लावला. पुढाऱ्यांचं चालूच. तेव्हा त्यानं काठी दातातून काढली. "साहेब, पाच मिनिटं गप बसा. मग दिवसभर बोला."

कार्यकर्ते पुढं सरसावले. पुढारी मात्र बसले, चिंचेखाली, कौसाबाईनं टाकलेल्या पोत्यावर. सटवानं जीपभोवती एक चक्कर मारली, डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं, सुस्सकन आवाज झाला. मग त्यानं झाकणावरचा स्टिकर नखानं खरवडून काढला. झाकणाला हवा घ्यायचं बारीक भोक असतं. कुणीतरी हौशी कार्यकर्त्यानं नेमका त्यावर साहेबांचा फोटो चिकटवला होता. टाकीत हवा शिरली नाही तर डिझेल पुढं जात नाही. जीप चालू झाली. साहेबांचा चेहरा नखानं खरवडला म्हणून कार्यकर्ते तणतणत होते, पण साहेब हसले आणि जाताना सटवाला नमस्कार घातला. सटवानं भिंतीवर वावटळीला गोल केला, आणि थोडं थांबून माणसालाही.

मग त्या नव्या पिकअप आल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यात कुणाचं भलं नाही. जुन्या गाड्यांपेक्षा निम्म्या आवाजाच्या आणि दुप्पट पळणाऱ्या. टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजनात हवा जोरानं ढकलणारा पंखा, एवढं मला सटवानं सांगितलेलं. सीताफळं, दुधाचे कॅन, शेळ्या, सगळ्याला सोयीची गाडी. बघता बघता गावात चार झाल्या. चौथी माझ्या थोरल्याची, विष्णूची.

आमच्याकडं माणसाचा मान करायचा तर टॉवेल-टोपीचा आहेर करतात. नवी गाडी आली की तिलाही टॉवेल, आणि तो द्यायचा मान माझा, कारण पहिली गाडी माझी. नारळ फुटला की बॉनेट उघडून मी आपल्या हातानं तो टॉवेल हवेच्या पाइपाच्या तोंडाला बांधायचो. ही पद्धत माझीच. जीपला मी कायम तसं फडकं बांधत आलो. आमच्या रस्त्याची धूळ पिठासारखी. फडकं ती धरायचं, आठवड्यानं झटकलं की झालं. जीपला कधी शिंकसुद्धा आली नाही. चारही पिकअपला मीच बांधला, आणि लोकांनी माझ्या पाया पडून गाड्या रस्त्याला लावल्या.

सीताफळाच्या हंगामात पहिली गेली. चढावर निळा धूर सोडला आणि इंजन जाम. थोड्या दिवसांनी दुसरी. तिसरी आष्टीच्या बाजाराला शेळ्या घेऊन चालली होती, ती अलीकडंच बसली. मालकानं शेळ्या खाली उतरवल्या आणि उरलेला रस्ता हाकत नेल्या. बाजारात लोक विचारायला लागले, पिकअप घेतली म्हणत होतास ना बे?

फाट्यावरच्या हॉटेलात रोज नवं कारण निघायचं. कुणी म्हणालं डिझेलात पाणी आहे. कुणी म्हणालं इंजन हलकं बनवलंय. कुणी नजरेवर गेलं. पण शोरूमवाल्यांनी तिन्ही गाड्यांचे कागद बघून एकच गोष्ट धरली. तिघांनीही मधे एकदा ऑइल सटवाकडं बदललं होतं. बाहेरच्या मिस्त्रीनं चुकीचं ऑइल घातलं, त्यानं इंजनं गेली, कंपनीचा संबंध नाही.

हे फाट्यावर पोचलं आणि सटवाकडं गाड्या यायच्या थांबल्या. ट्रॅक्टरवालेसुद्धा पुढं जायला लागले. कौसाबाई तांदूळ निवडत बसलेली असायची, पण पाना मागणारा हात बाहेर येत नव्हता. आता लिहायला बसलोच आहे तर सगळं लिहितो. हॉटेलात बसून मीही म्हणालो होतो, सटवाचं वय झालं, आता हातात पहिल्यासारखं राहिलं नाही. आमच्या गावात बोललेलं फाट्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवरून गेलो तर त्यानं नेहमीसारखा रामराम केला आणि मला तो लागला.

त्यानं तिन्ही मालकांना बोलावून सांगितलं, "माझी चूक निघाली तर मी पत्रे उतरवतो आणि गॅरेज बंद करतो. पण काय झालं त्ये आधी कळू द्या." ट्रॅक्टरनं ओढून तिन्ही गाड्या चिंचेखाली आणल्या. कंपनीचा साहेब गुरुवारी चौकशीला येणार होता. हातात पाच दिवस होते.

पहिले दोन दिवस त्यानं नुसतं उघडलं. ऑइल बोटांत चोळलं, हुंगलं. चांगलं होतं, पण निम्मंच उरलं होतं, आणि गळती कुठंच नव्हती. थेंबावर काट मारायला गेला आणि हात मागं घेतला. पाणी बरोबर, घागरीवर काट. हवेच्या रबरी पाइपात बोट घातलं तर बोट तेलकट निघालं, आणि पाइप आतून चपटा झालेला, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा. वावटळीसमोर तो बराच वेळ उभा राहिला म्हणे. हवा अडलीय हे कळत होतं. कशानं, ते दिसत नव्हतं.

मग माणूस तपासायचा म्हणून चपला काढून पहिल्या गाडीत चालवणाऱ्याच्या जागी बसला. समोर देवाचा फोटो आणि फोटोपुढं घडी केलेला टॉवेल. त्यानं घडी उलगडली. मधोमध काळा गोल डाग, पुरीएवढा. दुसऱ्या गाडीत तसाच टॉवेल, तसाच डाग. तिसऱ्या गाडीत तेच. त्यानं तो डाग नेऊन पाइपाच्या तोंडावर ठेवला. झाकण बसावं तसा बसला.

तिन्ही मालकांनी एकच सांगितलं. हा आबाच्या हातचा मानाचा टॉवेल. परक्यांचे तेलकट हात लागू नयेत म्हणून गाडी गॅरेजला किंवा शोरूमला न्यायच्या आधी काढून देवापुढं ठेवायचा आणि परत आणली की बांधायचा. लपवायचं कुणाच्या मनात नव्हतं. मान राखत होते. आणि मानाचा टॉवेल झटकायचा कसा, म्हणून कुणी कधी झटकलाही नव्हता. त्यामुळं शोरूमवाल्यांना तो दिसला नाही आणि सटवालाही नाही.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. टॉवेलाचं काही बोलला नाही. चहा घेतला आणि विचारलं, विष्णूची गाडी सकाळी मोकळी आहे का.

सकाळी आम्ही तिघं निघालो. विष्णू चालवत होता, मागं सीताफळाचे क्रेट. कपिलधारला खाली उतरलो, देवाला हात जोडले आणि परत वर चढायला लागलो. गाडी दमायला लागली. दुसऱ्या गिअरवर आली, मागं काळा धूर. मी म्हणालो, माल जास्त झालाय. वर पोचल्यावर सटवानं बॉनेट उघडून टॉवेल सोडला, घडी करून अदबीनं माझ्या मांडीवर ठेवला आणि विष्णूला परत खाली घ्यायला लावलं. तोच माल, तोच चढ. गाडी तिसऱ्या गिअरवर सरळ वर आली. विष्णू माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, आता जरा वारं सुटलंय, त्यानं असेल.

सटवा वाद घालत नसे. त्यानं रबरी पाइप काढला, आतून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्यापुढं धरलं.

"आबा, ही श्वास मागायलीय. टॉवेलातनं मिळंना, म्हणून टर्बो आतलंच ऑइल ओढायलाय. ऑइल संपत आलं की इंजन जाम. आणखी पंधरा दिवसांत हिचं बी तेच झालं असतं."

"मग माझ्या जीपला कावून काही झालं न्हाई?"

"जीप बैल हुती. दमानं श्वास घ्यायची, आन तुमी फडकं झटकत बी हुता. हे घोडं हाय. पळत्या घोड्याच्या नाकाला फडकं बांधून कसं चालंल?"

मी बघू म्हणालो. गाडी घरी आली. उतरताना तोच म्हणाला, "गुरुवारी साहेबाला मी एवढंच सांगंन, हवेचा रस्ता बंद झालता. कुणी केला त्ये सांगणार न्हाई. त्या तिघांना बी तसंच सांगितलंय."

मी विचारलं, का?

"गावात नवी गाडी आली की लोक तुमाला बोलावत्यात. त्ये बोलावणं ऱ्हाऊ द्या."

विष्णूचा टॉवेल मी त्याच दिवशी घरात आणला. धुवायला काढलाय असं सांगितलं.

गुरुवारी साहेब आला. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. त्याच्याजवळ छापील कागद होता, त्यावर इंजन जायची कारणं ओळीनं लिहिलेली. सटवाकडं भिंत होती. गावातली बरीच माणसं चिंचेखाली जमली होती, विष्णूही गाडी घेऊन आला होता. सटवानं तेलकट पाइप दाखवला, चपटा झालेला भाग दाखवला, हवेचा रस्ता बंद झाला होता म्हणून सांगितलं. साहेबानं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, कशानं बंद झाला? सटवा गप्प. कुणी बंद केला? सटवा गप्प. तिन्ही मालक जमिनीकडं बघत होते. साहेबानं कागदावर बोट फिरवलं. मग म्हणाला, मिस्त्री, कारण दाखवता येत नसेल तर मला तुमच्या ऑइलचंच लिहावं लागेल. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

कौसाबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती सटवाच्या हाताकडं बघत होती. तो हात अर्धवट उघडा होता, आणि त्याला कोणता पाना पाहिजे ते तिला कळत नव्हतं.

मी आयुष्यात चार माणसांत चुकलो असं म्हणालेलो नाही. त्या दिवशीही ते शब्द आले नाहीत. जे आलं ते असं.

"साहेब, लिहा. टॉवेल मी बांधला. चारी गाड्यांना मीच. मिस्त्रीचं ऑइल चांगलं हुतं." आणि काखेतला विष्णूचा टॉवेल, काळ्या डागासकट, त्याच्या कागदावर ठेवला. धुतलेला नव्हता.

माझाच आवाज पुन्हा निघाला. "आन हे बी लिहा. तुमी हवेचं तोंड खाली बंपरामागं नेऊन ठेवलंय. सगळी धूळ तिथंच येती. वर ठेवलं असतं तर मला फडकं बांधायची गरजच न्हवती."

आता हसतील असं वाटलं. पण साहेब खरोखर इस्त्रीच्या शर्टानं विष्णूच्या गाडीपुढं जमिनीवर आडवा झाला, बंपरामागं हात घालून बघितलं, मूठभर धूळ बाहेर काढली. मग उठून दोन्ही लिहिलं, टॉवेल आणि धूळ. सटवाच्या ऑइलपुढं काट मारली. तेव्हा कौसाबाईनं सूप परत मांडीवर घेतलं.

माणसं पांगल्यावर मी भिंतीकडं गेलो. वावटळीला गोल झालेला होता. मी खडू उचलला आणि त्या फेटेवाल्या माणसाला गोल केला. गोल मोठा झाला. सटवा मागं येऊन उभा राहिला.

"एवढा मोठा नको, आबा," म्हणाला. "दुसऱ्यांना बी जागा ऱ्हाऊ द्या."

पुढं कंपनीनं सुटे भाग दिले आणि तिन्ही इंजनं सटवानं एकामागून एक उभी केली. साहेब मधे दोनदा आला, एकदा तर नुसती काठी दातात कशी धरायची ते शिकायला. पुढच्या खेपेच्या गाड्यांत हवेचं तोंड वर सरकलेलं होतं. ते मी बोललो म्हणून झालं असं माझं म्हणणं आहे. विष्णू म्हणतो, ते कंपनीत आधीच ठरलेलं असणार. त्याला काय कळतंय.

त्यानंतर गावात पहिली नवी गाडी आली तेव्हा मला बोलावणं आलं नाही. मी घरात रेडिओ लावून बसलो होतो. दारात सटवा. म्हणाला, "चला आबा, नारळ खोळंबलाय." गेलो. टॉवेल हातात, बॉनेट उघडं, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. सटवानं बॉनेट हळूच खाली दाबलं आणि चालवणाऱ्या माणसाला माझ्यापुढं उभं केलं. मी टॉवेल त्याच्या डोक्याला बांधला, चांगला फेट्यासारखा पीळ देऊन. तेव्हापासून आमच्या गावात टॉवेल गाडीला नाही, माणसाला बांधतात. ही पद्धतही माझीच आहे, निम्मी.

पुढं साखरेच्या आजारानं सटवाची नजर गेली. त्याची मुलगी मंगल आयटीआयला इंजनाचंच शिकलेली, तिनं आष्टीत स्वतःचं गॅरेज टाकलंय. दोघा नवराबायकोला ती तिकडं घेऊन गेली. फाट्यावरचे पत्रे उतरले. भिंत आहे. पावसानं चित्रं पुसट झाली की मी जाऊन खडूनं गिरवतो, मला येतात तशी.

मागच्या उन्हाळ्यात विष्णूबरोबर आष्टीच्या बाजाराला गेलो होतो. शेळ्या उतरवल्या आणि मी म्हणालो, मंगलच्या गॅरेजला घे. सांगायचं पुष्कळ साचलं होतं. गाडी दारात थांबली, इंजन चालूच. आत एक इंजन उघडून मंगल कोपरापर्यंत काळी झालेली. बाजूला खुर्चीवर सटवा, डोळे मिटलेले, पाय अनवाणी, शेजारी कौसाबाई. मी अजून उतरलोही नव्हतो.

"विष्णूची गाडी," सटवा म्हणाला. "आबा आल्यात. टॉवेल कुठं हाय, आबा?"

"विष्णूच्या डोक्याला," मी म्हणालो. "ऐक सटवा, गावात काय झालं म्हणशील तर..."

त्यानं पंजा वर केला. मग हात बाजूला उघडला, आणि कौसाबाईनं न बघता त्यात बाभळीची काठी ठेवली.

"गाडी बोलायलीय, आबा," तो म्हणाला. "तुमी थांबा."

मंगलनं त्याला कोपराला धरून आणलं आणि बॉनेट उघडलं. त्यानं काठी टेकवली, दातात धरली. मी दारातच उभा राहिलो. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, आणि मंगलनं आपल्या हातातला पाना खाली ठेवून त्याच्या काठीजवळ आपली काठी टेकवली, दातात धरली आणि डोळे मिटले.